ओळखीचे शहर, एकट्याचे घर

परदेशात ज्या शहरात शिक्षण झाले, तिथेच पुन्हा राहायला जाणे सोपे वाटते. शरीर आणि मन मात्र त्याला नवा प्रवासच समजतात.

१९२० च्या सप्टेंबरअखेर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये भीमराव रामजी आंबेडकर यांनी दुसऱ्यांदा नाव नोंदवले. पहिल्यांदा ते इथे आले होते १९१६ मध्ये, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, एवढी सवलत मात्र विद्यापीठाने दिली होती. मधल्या काळात त्यांनी बडोद्यातील नोकरीचे कटू अनुभव घेतले आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली. पगारातून पै-पै साठवली. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली आणि एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा लंडनला पोहोचले. पत्नी रमाबाई आणि मुलगा यशवंत मुंबईत परळच्या चाळीत होते.

शहर तेच, कॉलेज तेच आणि ग्रंथालयांची दारेही तीच होती. पण या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. खोलीचे भाडे, जेवण, पुस्तके, फी या सगळ्याचा हिशेब एकट्याला करायचा होता. ‘ओळखीच्या शहरात स्वतःच्या जोरावर राहणे’ हा आज सातारा-सांगलीतील कितीतरी घरांत बोलला जाणारा विषय. त्याचे शंभर वर्षांपूर्वीचे हे ठळक उदाहरण.

साताऱ्याच्या शाळेतून

या कहाणीची सुरुवात साताऱ्यात होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव रजिस्टरात नोंदले गेले. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भिवाची आई भीमाबाई यांचे त्याआधीच साताऱ्यात निधन झाले होते.

पुढच्याच वर्षीचा उन्हाळ्यातला एक प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात सांगितला आहे. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांना भेटायला भिवा, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली. आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा सूर बदलला. दुप्पट पैसे देऊन आणि गाडी स्वतःच हाकण्याच्या अटीवर कशीबशी एक बैलगाडी मिळाली. डबा बरोबर होता, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. रात्रभर मुले तहानलेली राहिली आणि भरलेला डबा तसाच राहिला.

अन्न असून ते खाता का आले नाही, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. शरीरातले पाणी कमी झाले की लाळ सुटत नाही आणि भूकही मंदावते. अन्न पचवायलाही पाणी लागते, म्हणून शरीर आधी पाणी मागते. वजनाच्या दोन टक्क्यांइतके पाणी कमी झाले, तरी लक्ष लागत नाही, डोके दुखते आणि चिडचिड होते. लहान मुलांत हे लवकर घडते. त्या रात्री निसर्गाने पाण्याची टंचाई केली नव्हती. ती माणसांनी केली होती.

माणूस परक्या ठिकाणी किती तग धरू शकतो, हे त्याच्या जिद्दीबरोबरच तिथे त्याला पाणी, अन्न, झोप आणि माणसे मिळतात की नाही यावर ठरते. मसूरच्या स्टेशनावर हे जितके खरे होते, तितकेच लंडनच्या भाड्याच्या खोलीतही.

चार पापडांचे गणित

लंडनमधील त्या दिवसांचे वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केले आहे. सकाळी घरमालकिणीकडून चहा, जॅम लावलेला पाव आणि माशाचा एखादा तुकडा मिळे. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरत. दुपारचे जेवण जवळपास नसेच. संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन चाले. रात्री बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय, आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खाणे, की पुन्हा पहाटेपर्यंत अभ्यास. झोपा आता, असे खोलीतील सोबती असनोडकर सांगत. त्यावर पैसा आणि वेळ दोन्ही कमी आहेत, अशा अर्थाचे उत्तर मिळे.

आजच्या आहारशास्त्राच्या मोजमापाने हे ताट पाहू. उडदाचा एक पापड साधारण १२ ते १५ ग्रॅमचा असतो. भाजलेल्या चार पापडांतून दोनशेपेक्षा जास्त कॅलरी मिळणे कठीण. पेयातून मिळणारी ऊर्जा नाममात्र. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषालाही दिवसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा त्याला लागते. ती रोज, चोवीस तास लागते.

अर्धपोटी राहिल्यावर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. अन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी देण्यात आल्या आणि त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले. पण संशोधकांना खरा धक्का बसला तो मनातील बदल पाहून. तरुण चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात जेवणाचेच विचार. पाककृतींची पुस्तके ते कादंबरीसारखी वाचू लागले. लक्ष लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तरी बुद्धीच्या चाचण्यांत मोठी घसरण दिसली नाही. भूक बुद्धी हिरावत नाही, पण ती वापरण्याची उमेद आणि माणसांत मिसळण्याची इच्छा खाऊन टाकते.

एवढ्या ओढाताणीत बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली, शिवाय बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच काळातला. हे कर्तृत्व थोर आहेच. पण ‘त्यांनी पापडांवर दिवस काढले, मग तुम्हाला काय धाड भरली आहे’ असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. उपाशी राहणे हा त्यांच्या यशाचा मार्ग नव्हता, ती त्यांच्यावर लादलेली किंमत होती. पुढच्या आयुष्यात मुलांसाठी वसतिगृहे असावीत, म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय असावी, यासाठी त्यांनी सातत्याने केलेली धडपड पाहिली की त्यांनी स्वतः या अनुभवातून काय धडा घेतला हे कळते.

मेंदूतला जुना नकाशा

ओळखीच्या शहरात परतण्याचे फायदे खरेच असतात. त्याचे शास्त्र उलगडले तेही लंडनमध्येच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत, ‘हिप्पोकॅम्पस’ या भागात, ठरावीक जागी गेल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी शोधल्या. या ‘स्थान-पेशी’ म्हणजे मेंदूतला नकाशाच. या शोधासाठी त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विद्यापीठात एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये लंडनच्या टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ असलेल्या या चालकांत हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला.

म्हणजे शिकताना जे शहर पायाखाली घातले, त्याचा नकाशा डोक्यात शिल्लक राहतो. कोणती बस कुठे जाते, स्वस्त भाजी कुठे मिळते, ग्रंथालयात कोणत्या दाराने शिरायचे, हे पुन्हा शिकावे लागत नाही. मेंदूची तेवढी शक्ती वाचते. १९२० मध्ये परतलेल्या बाबासाहेबांना ग्रंथालये शोधत फिरावे लागले नाही, पहिल्या आठवड्यापासून काम सुरू करता आले.

पण याच संशोधनाचा दुसराही भाग आहे. खोलीचा आकार, रंग, मांडणी बदलली की स्थान-पेशी आपली जुळणी बदलतात. जागा तीच असली तरी मेंदू नवा नकाशा आखायला घेतो. परतणाऱ्या माणसाचे असेच होते. इमारती ओळखीच्या असतात, पण वर्गमित्र पांगलेले असतात. वसतिगृहाच्या खोलीत दुसरेच कोणी राहत असते. कॅन्टीनमध्ये आपल्याला ओळखणारे कोणी नसते. विद्यार्थ्याला शहराबरोबर एक तयार चौकट मिळते. तासांचे वेळापत्रक, वसतिगृह, एकाच वयाची मुले, अडचण सांगायला कार्यालय. स्वतंत्रपणे राहायला गेलेल्याला शहर मिळते, चौकट मिळत नाही. ती स्वतः उभी करावी लागते.

दुसऱ्यांदा जाताना फसगत

परक्या देशात रुळण्याचा अभ्यास नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला. आधी उत्साह, मग घसरण, मग पुन्हा सावरणे, असे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे वळण त्यांना दिसले. १९६३ मध्ये गलहॉर्न दांपत्याने त्यात मायदेशी परतल्यावरची दुसरी घसरण जोडली आणि ‘यू’चा ‘डब्ल्यू’ झाला. नंतरच्या अभ्यासांनी मात्र हे वळण सर्वांना सारखे लागू होत नसल्याचे दाखवले. अनेकांना सर्वांत कठीण जातात ते सुरुवातीचेच आठवडे.

दुसऱ्यांदा जाणाऱ्याची नेमकी इथे फसगत होते. ‘मला सगळे माहीत आहे’ या भरवशावर तो कमी तयारीने जातो. घरचेही निर्धास्त असतात, ‘दोन वर्षे राहून आलाय, त्याला काय सांगायचे!’ मग उदास वाटले तर त्याची लाज वाटते. नवख्याला रडण्याची मुभा असते, जुन्याला नसते. शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते चालू असतील, शेताचा तुकडा गहाण असेल, तर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘मजेत आहे’ याखेरीज दुसरे उत्तर तोंडातून निघत नाही.

एकटेपणाचे दोन प्रकार असतात, असे रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये सांगितले. एक जिवाभावाच्या माणसाच्या अभावाचा आणि दुसरा उठण्या-बसण्याच्या मंडळींच्या अभावाचा. एकाने दुसरा भरून निघत नाही. आईशी रोज तासभर बोलून पहिला हलका होतो. पण शेजारी ओळखीचा नसेल, आठवड्यात एकदाही कोणाबरोबर बसून जेवण होत नसेल, तर दुसरा तसाच राहतो.

भूक आणि एकटेपणा यांचे नातेही शास्त्रज्ञांनी तपासले आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० जणांना एक दिवस दहा तास उपाशी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दहा तास माणसांपासून पूर्ण दूर ठेवले. नंतर उपाशी माणसाला अन्नाची आणि एकट्या राहिलेल्याला लोक एकत्र जमल्याची छायाचित्रे दाखवली. दोन्ही वेळा मेंदूच्या मध्यभागातील एकाच भागात सारखी ओढ दिसली. माणसांची भूक ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि त्याचा संबंध वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी जोडला गेला आहे.

ऊन, झोप आणि औषधे

शरीराच्या बाजूने तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली प्रकाशाची. डिसेंबरमध्ये साताऱ्यात सुमारे ११ तास दिवस असतो, लंडनमध्ये आठ तासांहूनही कमी. सकाळी अंधारात कामावर जायचे आणि अंधारातच परतायचे. हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीचे वैद्यकीय वर्णन नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ मध्ये केले. विद्यार्थी असताना तासांच्या मधल्या वेळेत बाहेर पडणे होते, नोकरीत तेही होत नाही. म्हणून दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटे बाहेर चालणे हे औषधासारखे पाळावे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा तेथील सरकारी सल्ला आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सांगितले जाते.

दुसरी झोप. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे आहे. घरच्यांना सकाळी फुरसत म्हणून सात वाजता फोन केला, तर तिकडे मध्यरात्रीचा दीड किंवा अडीच वाजलेला असतो. बोलण्याची वेळ दोन्ही बाजूंनी ठरवून घेतलेली बरी.

तिसरी उपचारांची. विद्यार्थी असतानाची आरोग्य व्यवस्था आपोआप पुढे चालू राहत नाही. ब्रिटनमध्ये राहता पत्ता बदलला की त्या भागातील डॉक्टरकडे नवी नोंद करावी लागते, आणि ती आजारी पडण्याआधीच करायची असते. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठीचा सवलतीचा आरोग्य विमा साधारण वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी कित्येक औषधे, विशेषतः प्रतिजैविके, तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

इथे सातारा-सांगलीकरांची एक सोय आहे. बाबासाहेब ज्या मसूर स्टेशनावर उतरले, त्याच लोहमार्गावर पुढे मिरज आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या रुग्णांचे झाले. निघण्याआधी दात, चष्मा, रक्तातील लोह, थायरॉइड, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या घराजवळ उरकून घ्याव्यात. दातांचे काम तर इथेच करून जावे, परदेशात ते फार महाग पडते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायचे असेल, तर भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी करावीच लागते. लसीकरणाची नोंद आणि औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी.

डब्यात काय, गाठीला काय

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटन आणि युरोपीय संघात प्रवाशांना आपल्याकडून नेता येत नाहीत. त्यामुळे सातारी कंदी पेढे घरीच खाऊन निघायचे. तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी हे नेण्याआधी त्या देशाचे नियम पाहून घ्यावेत. मात्र सामान हा आहार नव्हे. एकटा राहणारा माणूस पहिल्या दोन महिन्यांत पाव, बिस्किटे आणि तयार नूडल्सवर येतो. त्याला स्वयंपाक येत नसतो असे नाही, एकट्यासाठी करायचा कंटाळा असतो. डाळ-तांदूळ, अंडी, कडधान्ये आणि गोठवलेल्या भाज्या तिथे स्वस्तात मिळतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून कोणालातरी जेवायला बोलवावे. पोटाची आणि माणसांची, दोन्ही भुका एका भाताच्या पातेल्यात भागतात.

घरच्यांनीही प्रश्न बदलावेत. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘मजेत’ हे उत्तर ठरलेले असते. ‘काल रात्री काय जेवलास? कोणाबरोबर? किती वाजता झोपलास?’ या साध्या प्रश्नांतून डॉक्टरला कळावे तेवढे कळते. जेवण तुटले आहे, दिवस-रात्र उलटी झाली आहे, दोन आठवडे कशातच मन लागत नाही, असे दिसले तर ती आळसाची लक्षणे समजू नयेत. तिथल्या डॉक्टरला भेटायला सांगावे. ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’ ही संस्था ११६ १२३ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत ऐकून घेते. इथल्या पालकांनाही मुलाच्या काळजीने झोप लागत नसेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आणि परत यावेसे वाटले तर दार उघडे आहे, हे जाण्याआधीच मोकळेपणाने सांगून टाकावे. परतण्याची वाट उघडी असलेला माणूस तिथे जास्त निश्चिंतपणे टिकतो.

लंडनमधील प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. सातारा-सांगलीची मुले लंडनमध्ये शिकायला, नोकरीला जातात तेव्हा ते आवर्जून पाहतात. तिथून परतताना आपल्या खोलीवर रात्रीच्या जेवणाला काय आहे आणि सोबतीला कोण आहे, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.